क्षीरसागर कितवे?

एकोणीस आडनावं वर्णानुक्रमे लावायला मला दोन महिने अकरा दिवस लागले. हे वाचून आपल्याला हसू आलं असेल तर खुशाल हसा. आमच्या सोसायटीत सगळ्यांचं हसून झालेलं आहे. आता ते जिन्यात भेटले की, "काय क्षीरसागर, 'च'पर्यंत आलात का?" एवढंच विचारतात आणि पुढे जातात. ज्यांनी आयुष्यात मेथीच्या जुडीखेरीज काही तपासून घेतलं नाही, त्यांना तपासणीतले कष्ट काय कळणार?

साल दोन हजार दहा. कात्रजला दूध डेअरीच्या मागे आमची 'सुप्रभात' सोसायटी. (आडनाव क्षीरसागर आणि राहतो डेअरीच्या मागे, यावरचे सर्व विनोद माझे ऐकून झाले आहेत. नवीन असल्यास पोस्टकार्डावर कळवावा.) सदनिका एकोणीस आणि पार्किंगमध्ये छपराखालच्या जागा अकरा. हे गणित बिल्डरने कसं केलं ते त्याला आणि देवाला माहीत. बिल्डर सापडत नाही आणि देवाला विचारण्याची आमच्या नियमावलीत तरतूद नाही.

बरीच वर्षं 'जो आधी येईल त्याची जागा' असा कारभार चालला. मग एकेकाच्या दाराशी चारचाकी येऊ लागली आणि माणसं जागा धरण्यासाठी कुंड्या, तुटक्या खुर्च्या मांडू लागली, एकाने तर सासूबाईंचं शिलाई मशीन आणून ठेवलं. तेव्हा चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. पहिलीच चिठ्ठी सेक्रेटरींच्या नावाची निघाली. त्या चिठ्ठीची घडी वेगळी होती असा आरोप झाला, घडीच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली गेली, आणि उपसमितीत घडी आडवी की उभी यावर फूट पडली.

शेवटी वार्षिक सभेत ठराव आला: 'छपराखालील अकरा जागा सदस्यांच्या आडनावांच्या मराठी वर्णानुक्रमे, संगणकाद्वारे यादी करून, पहिल्या अकरा सदस्यांस कायमच्या देण्यात याव्यात.' ठराव मांडला अभ्यंकरांनी, अनुमोदन दिलं आगाशांनी. हा निव्वळ योगायोग असल्याची इतिवृत्तात नोंद आहे. इतरांनी हात का वर केले म्हणाल, तर सभेला तीन तास होऊन गेले होते आणि बटाटेवडे गार होत होते.

'संगणकाद्वारे' हा शब्द मी घातला. कुणी माणसाने यादी केली तर पुन्हा घडीसारखं काहीतरी निघेल, असं मला वाटलं. मी हिंजवडीला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे आमच्या विभागाशी कंपनीत कुणी फारसं बोलत नाही. तर शब्द मी सुचवला म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी घरी येऊन ही कामगिरी सांगितली. आमची ही, पूर्णिमा, कुकर लावत होती.

"एकोणीस नावं ना? द्या इकडे. तीन शिट्ट्यांत लावते."

"अगं, ठरावात संगणकाद्वारे म्हटलंय."

"मग संगणकाच्या शेजारी बसून लावते."

तिला मी शांतपणे समजावलं. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला असतो आणि त्या आकड्यांचा क्रम आपल्या वर्णमालेच्या क्रमाशी जुळेलच असं नाही. तो जुळवणारा मजकूर आधी कुणीतरी लिहून ठेवलेला असतो. त्याला लायब्ररी म्हणतात. भली माणसं अशा लायब्रऱ्या लिहून नेटवर फुकट ठेवतात, कुणीही घ्याव्यात. पण घ्यायच्या आधी नीट पारखून घ्यावं लागतं. कुणी लिहिली, अजून कुणी तिच्याकडे बघतंय का, तक्रारी किती, परवाना काय.

"म्हणजे तयार इडलीचं पीठ," पूर्णिमा म्हणाली.

"साधारण तसंच."

"मग तारीख बघा, वास घ्या आणि मोकळे व्हा." तिसरी शिट्टी झाली. नावं तिच्याकडे दिली असती तर यादी तोवर झाली असती, हे मी आज मान्य करतो.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत सगळ्यांना कळलं की क्षीरसागर लायब्ररी बघताहेत. आगाशे जुन्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे दाराशी ठेवून गेले. सर्जेराव कदम, एसटीतून निवृत्त झालेले, ते मात्र मुद्द्याचं बोलले.

"फुकट देतोय? मग काईतरी खोट हाय. आमच्या गावच्या बाजारात म्हस घेताना मालकाच्या तोंडाकडं बघायचंच न्हाई, म्हशीच्या दातांकडं बघायचं. आन् इकायचं कारण इचारायचं."

"तो विकत नाहीये कदम, नुसताच देतोय."

"मग तर हातच लावू नका," कदम म्हणाले आणि मला एकट्याला सोडून दूध आणायला गेले.

पण खरा अडसर होते सेक्रेटरी आप्पासाहेब काळे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं हेडक्लार्क होते. धरणात पाणी नसलं तरी फाइलीत असलं पाहिजे, असा त्यांचा बाणा. मी त्यांना सांगितलं की एक चांगली लायब्ररी सापडली आहे, ती वापरतो.

"बाहेरून वस्तू आणायची तर तीन दरपत्रकं लागतात."

"आप्पासाहेब, ती फुकट आहे."

"मग शून्य रुपयांची तीन आणा. आम्ही कुठे जास्तीची मागतोय?"

म्हणून मला तीन लायब्रऱ्या शोधाव्या लागल्या. पहिली परदेशी होती. हजारो लोक ती वापरत होते आणि तिचं माहितीपत्रक आमच्या सोसायटीच्या नियमावलीहून जाड होतं. दुसरी पुण्यातल्याच दीक्षा गायकवाड नावाच्या कुणा मुलीने एकटीने लिहिलेली होती. तिसरी एका विद्यापीठाची. तिचं पान उघडलं की 'पान सापडत नाही' एवढंच यायचं. आप्पासाहेबांनी तिचंही दरपत्रक स्वीकारलं. सरकारी कामात त्यांनी याहून रिकामी दरपत्रकं बघितली असावीत. तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करून त्यांनी खाली शेरा मारला: 'किमान दर: तिन्ही. घासाघीस करण्यास वाव नाही.'

मग परवाना. परवान्याचं मराठी भाषांतर समितीपुढे वाचावं असा आदेश झाला. मी वाचायला लागलो: "ही वस्तू जशी आहे तशी देण्यात येत आहे. ती चालेलच अशी कोणतीही हमी नाही. तिच्यामुळे काही नुकसान झाल्यास कर्ता जबाबदार राहणार नाही."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण समितीच्या चेहऱ्यांवर ओळखीचं समाधान पसरलं.

"माणूस सरळ दिसतो," आप्पासाहेब म्हणाले. "लक्ष्मी रोडच्या दुकानांत हेच ऐकायला आपण पैसे देतो."

"मात्र कर्ते कोण ते कळलं पाहिजे," अभ्यंकर म्हणाले.

"एक परदेशी आहेत. आणि दुसरी ती दीक्षा गायकवाड, ती येरवड्याला असते."

समितीने खुर्च्या थोड्या मागे सरकवल्या. पुण्यात 'येरवड्याला असते' हे वाक्य किती जपून उच्चारावं, हे मी कात्रजला राहून विसरलो होतो.

"किती वर्षं?" आप्पासाहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"जन्मापासून असावी."

"अरेरे. म्हणजे आई पण आत होती?"

"आप्पासाहेब, येरवड्यात लोक राहतातसुद्धा! घरं आहेत तिथे!"

"असतील, असतील," ते म्हणाले, आणि फाइलीत पेन्सिलीने 'चारित्र्य: पडताळणी बाकी' असं लिहिलं.

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही, आणि सांगायची मला लाज वाटते.

मराठी वर्णमालेत 'ह' नंतर 'ळ', मग 'क्ष' आणि 'ज्ञ'. म्हणजे क्षीरसागर कायम शेवटी. आजवर माझ्या पुढे सगळे होते. हजेरीत बाई 'हर्डीकर'पर्यंत आल्या की घंटा व्हायची, त्यामुळे चौथीच्या वर्षी मी कागदोपत्री किती दिवस शाळेत होतो हे संशोधनाचा विषय आहे. तोंडी परीक्षेत माझा नंबर येईतो मास्तरांना जांभया यायच्या आणि ते मला एकच प्रश्न विचारायचे, "अजून कोणी राहिलंय का?" सहलीच्या बसमध्ये मागच्या चाकावरची सीट, तिथल्या खिचडीत खरवड. तक्रार नाही. सवय होते. आपल्या मागे कुणीतरी उभं असणं म्हणजे काय वाटतं, एवढंच मला कधी कळलं नाही.

आणि त्याच वर्षी मी पहिली गाडी घेतली होती. रंग मोतिया. उघड्यावर गुलमोहराखाली उभी करायचो. कात्रजच्या तळ्यावर दिवसभर मासे खाणारे बगळे संध्याकाळी त्या गुलमोहरावर मुक्कामाला येतात. गाडी घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी तिचा रंग काय आहे, हे मला कागदपत्रं बघून सांगावं लागत होतं.

तर मी नुसती चव बघावी म्हणून दोन्ही लायब्रऱ्यांतून ती एकोणीस नावं फिरवून बघितली. येरवड्याच्या लायब्ररीने मला बरोब्बर एकोणिसावा टाकला. परदेशी लायब्ररीला मात्र 'क्ष' हे वेगळं अक्षर वाटतच नव्हतं. तिच्या मते तो 'क' आणि त्याला चिकटलेला 'ष'. कदम, काळे, कावरे आणि त्यांच्या पाठोपाठ सातवा: क्षीरसागर.

सातवा! मी पडद्याकडे बघत राहिलो. माझ्या मागे बारा माणसं उभी होती. मी पुन्हा फिरवून बघितलं, पुन्हा सातवा. पूर्णिमाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "हे चूक आहे ना पण?" मी म्हणालो, "चूक की बरोबर हे असं एका नजरेत ठरत नसतं. त्याला मूल्यमापन लागतं."

आणि मी मूल्यमापनाला बसलो. चाळीस प्रश्न, शंभर गुण. सांभाळणारी माणसं किती? वीस गुण. वापरणारे किती? वीस गुण. माहितीपत्रकाची जाडी, दहा गुण. मराठी क्रम बरोबर लागतो का? पाच गुण. परदेशी लायब्ररीच्या तक्रारवहीत चार वर्षांपूर्वीची एक तक्रार होती: 'मराठीत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर येतात. कृपया दुरुस्त करावं.' खाली सही, दीक्षा गायकवाड. त्यावर कर्त्याचं उत्तर: 'हे प्रमाणानुसार आहे. तक्रार बंद.' तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा बंद. असं पाच वेळा. सहाव्यांदा तिने तक्रार केली नाही, स्वतःची लायब्ररी लिहिली. मी माझ्या अहवालात या प्रकरणाची नोंद 'किरकोळ स्थानिक मतभेद' अशी केली. परदेशीला एक्याण्णव गुण मिळाले, येरवड्याला अठ्ठेचाळीस.

पूर्णिमाने गुणपत्रिका वाचली. "म्हणजे तुम्ही आधी निकाल बघितला आणि मग पेपर काढला."

मी तिच्याशी दोन दिवस मोजकंच बोललो. आपलेच दात, आपलेच ओठ.

तरी प्रक्रिया निर्दोष असावी म्हणून मी दीक्षा गायकवाडलाही चाळीस प्रश्नांचा मेल पाठवला. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

'सर नमस्कार, मराठीतून फॉर्म पहिल्यांदाच बघितला, मस्त वाटलं. प्रश्न १२, आपण उद्या नसलात तर लायब्ररी कोण सांभाळणार: सर, मी सव्वीस वर्षांची आहे आणि हेल्मेट घालते. प्रश्न १७, किती संस्था वापरतात: तुम्ही घेतलीत तर एक. प्रश्न २३, क्ष शेवटी ठेवण्यामागची भूमिका: भूमिका वगैरे काही नाही, तो शेवटीच असतो. तुम्ही मराठी शाळेतलेच ना? आणि सर, डेटा किती आहे? फार मोठा असेल तर स्पीडचं बघते मी वीकेंडला.'

मी लिहिलं, 'एकोणीस.'

लगेच उत्तर आलं, 'हजार की लाख?'

या प्रश्नाचं उत्तर मी राखून ठेवलं.

आता अकराव्या जागेबद्दल. खऱ्या क्रमाने अकराव्या येत होत्या वेणूबाई पानसे. मी सातवा झालो की त्या बाराव्या, म्हणजे छपराबाहेर. बाई बहात्तर वर्षांच्या, तळमजल्यावर एकट्या राहतात. फाटकाजवळ त्यांची जुनी फियाट ताडपत्रीखाली उभी असायची. पानसे गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती गाडी हललेली नव्हती. पूर्वी ती चालवायच्या बाईच. पानसे शेजारी बसून घाबरायचे. दर रविवारी बाई ताडपत्री काढायच्या, गाडी पुसायच्या, किल्ली फिरवायच्या. गाडी दोनदा खोकायची आणि गप्प व्हायची. मग बाई चालकाच्या जागेवर बसून वर्तमानपत्र वाचायच्या. दर पावसाळ्यात गाडीच्या पत्र्याला एखादं नवीन भोक पडायचं. अजून दोन पावसाळ्यांनी तिथे फक्त ताडपत्री उरली असती.

मी मनाशी म्हणायचो, चालणाऱ्या गाडीवर बगळ्यांनी बसायचं आणि न चालणाऱ्या गाडीने सावलीत, हा कुठला न्याय? हा युक्तिवाद मला रोज सकाळी अगदी बिनतोड वाटायचा. फक्त ऑफिसला जाताना मी बाईंच्या खिडकीकडे बघायचं टाळू लागलो होतो, एवढंच.

तर दोन महिने नऊ दिवसांनी, एका रविवारी सकाळी, पार्किंगमध्येच सतरंज्या घालून विशेष सभा भरली. मी लॅपटॉप, छापील याद्या आणि बासष्ट पानी अहवाल घेऊन उभा राहिलो. एकोणीस नावांना बासष्ट पानं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, हे मला दिसत होतं, पण आमच्या विभागात जाडीला मान आहे. याद्या वाटल्या गेल्या. प्रत्येकाने आधी स्वतःचं नाव शोधलं आणि मग मान वर केली.

पहिल्यांदा बोलल्या ललिताबाई वाघमारे. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलेलं. स्वतः खऱ्या क्रमाने पंधराव्या, खोट्या क्रमाने सोळाव्या, म्हणजे दोन्हीकडे छपराबाहेर. त्यांना काही मिळायचं नव्हतं आणि काही जायचं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला.

"क्षीरसागर, शाळेत तुमचा हजेरी नंबर कितवा असायचा हो?"

"शेवटचा, बाई," मी ताडकन म्हणालो. विचार करायला वेळच मिळाला नाही. बाईंनी हजेरीच्या आवाजात विचारलं आणि सेहेचाळीस वर्षांचा माणूस आत कुठेतरी बाकावरून उठून उभा राहिला.

सभेत हशा पिकला. "मग हितं सातवा कसा काय बसला?" कदमांनी विचारलं.

मी आंतरराष्ट्रीय प्रमाण, अक्षरांचे आकडे, अहवालाचं पान अठ्ठावीस असं सगळं सांगितलं. लोक दोन मिनिटांत कंटाळले. आप्पासाहेबांनी हात वर केला.

"हे बघा, ठरावात संगणकाद्वारे लिहिलंय. संगणकाने सांगितलं सातवे, तर सातवे. चूक असेल तर संगणकाची. आपल्याला पुन्हा चिठ्ठ्यांवर जायचं नाहीये." लगेच माना हलल्या. वडे आजही होते, आणि आजही गार होत होते.

म्हणजे सुटलो. खरं सांगतो, मी लॅपटॉप मिटूनही टाकला.

तेवढ्यात वेणूबाई यादीची व्यवस्थित चौघडी करून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "असू दे हो ललिताबाई. क्षीरसागर दोन महिने तपासताहेत. एवढं तपासून केलेलं चुकीचं कसं असेल?"

त्यांनी हे टोमण्याने म्हटलं असतं तर मी निभावून नेलं असतं. सदाशिव पेठेत वाढलोय, टोमणे पचवायचं शिक्षण आहे. पण त्या खरंच तसं समजत होत्या. दोन महिने मी काय तपासत होतो? मला सातवा ठेवणारे प्रश्न. माणसं कुंपणाच्या भरवशावर शेत सोडून निवांत बसली होती आणि कुंपण बासष्ट पानं भरून शेत खात होतं.

"आप्पासाहेब, यादी चुकीची आहे," मी म्हणालो.

"आता?" त्यांनी शिक्का हवेतच धरला होता.

"संगणक चुकलेला नाही. मी चुकीची लायब्ररी निवडली. ती चुकीची आहे हे मला दोन महिन्यांपूर्वीच माहीत होतं. दुसरी बरोबर आहे, तिच्यात मी एकोणिसावा आहे, म्हणून मी तिला कमी गुण दिले."

पूर्णिमा मागच्या सतरंजीवर होती; तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांसमोर येरवड्याच्या लायब्ररीतून नावं फिरवली. पाव सेकंद लागला. अभ्यंकर, आगाशे, इनामदार करत करत पानसे अकराव्या आणि तळाशी, एकटा, मी.

"म्हणजे येरवड्याची मुलगी प्रामाणिक निघाली," आप्पासाहेब म्हणाले आणि पेन्सिलीची ती नोंद खोडरबराने पुसायला लागले. पुसता पुसता थांबले. "आणि तुमच्याबद्दल इतिवृत्तात काय लिहू?"

"लिहा, संगणकाद्वारे," ललिताबाई म्हणाल्या. "आणि त्यांना एक वडा द्या कुणीतरी. चेहरा बघा कसा झालाय."

दोन दिवस नवा अहवाल करण्यात गेले. तो एक पानी आहे. एका पानात मावतं हे मला आधी का सुचलं नाही, हा प्रश्न पूर्णिमाने विचारला आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. दीक्षा गायकवाडला मी मेल केला की आपली लायब्ररी आमच्या संस्थेने स्वीकारली आहे. तिने लिहिलं, 'थँक्यू सर! पहिला युजर! पार्टी!!' आकड्याबद्दल तिने पुन्हा विचारलं नाही. चांगल्या घरची मुलगी.

पुढच्या रविवारी गाड्या हलवायच्या होत्या. दहा जणांनी आपापल्या गाड्या छपराखाली घेतल्या. उरली अकरावी जागा, भिंतीकडची, सगळ्यांत थंड. फियाट काही सुरू होईना. बाईंनी किल्ली फिरवली, ती खोकली आणि थांबली. मग ढकलायचं ठरलं. कदम एका दाराशी लागले, अभ्यंकर दुसऱ्या. मागे डिकीला मी एकटा. तिथे कुणी लागायला तयार नव्हतं, कारण सहा वर्षांचा धूर पहिल्यांदा मागूनच निघेल असं सगळ्यांना वाटत होतं.

"क्षीरसागर, सावकाश हं," आतून वेणूबाईंचा आवाज आला, "ब्रेक लागत नाहीत."

हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, पण मी आता कुणाला काही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हतो. मी खांदा लावला. चाकं आधी कुरकुरली, मग सुटली. गाडी हलली. आतून कुठेतरी गंजाची भुकटी माझ्या चपलांवर पडली, आणि सहा वर्षं ती उभी होती तिथे फरशीवर एक कोरडा, स्वच्छ चौकोन दिसायला लागला. गच्चीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाई ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

छपराशी उजवीकडे वळायचं होतं. वळण जवळ आलं, तशी बाईंनी खिडकीची काच खाली केली, उजवा हात पूर्ण बाहेर काढला आणि आडवा ताठ धरला. कदमांना मान खाली घालून तो चुकवावा लागला. पूर्वी असाच द्यायचे, वळण्याचा इशारा. मागे रस्ता नव्हता, रहदारी नव्हती. तो हात बघायला मागे फक्त मी होतो.

मी थांबलो. अर्थातच गाडीही थांबली.

"आवो, थांबलात कशाला?" कदम घाम पुसत ओरडले.

"अहो, इशारा दिलाय त्यांनी," मी म्हणालो. "आधी वळू द्या."